सोन्याचा भाव रोज छापता, मग सळईचा का नाही?

संपादक साहेब, नमस्कार,

"घर बांधणं महागलं" ही बातमी वर्षातून चार-पाचदा तरी पेपरात येतेच. सिमेंट इतके टक्के, स्टील तितके टक्के, खाली कुणातरी बिल्डरचं दोन ओळींचं म्हणणं आणि शेवटी सर्वसामान्यांच्या घराच्या स्वप्नाचं ते ठरलेलं वाक्य. बातमी खोटी नसते हो, पण जो माणूस त्या घडीला घर बांधायला काढून बसलाय त्याला तिचा काडीचा उपयोग नसतो, कारण त्याला टक्के नको असतात. त्याला हे कळायला हवं असतं की आज सळई काय भावाने घ्यावी, थांबावं का, आणि ठेकेदार जे वाढवून मागतोय ते खरं आहे की थाप मारतोय. मी घरांची एस्टिमेटं करून देतो, छोटी कामं, दोन-तीन खोल्या नाहीतर वर एखादा मजला चढवायचा असली, त्यामुळे हे रडगाणं रोज दोन्ही बाजूंनी ऐकतो, मालकाचंही आणि ठेकेदाराचंही. पत्र जरा लांबणार आहे, कापायचं तर कापा पण शेवटची मागणी तेवढी ठेवा.

घर ही एकदम विकत घ्यायची वस्तू नाही, सगळी गडबड इथूनच सुरू होते. टीव्ही महागला तर माणूस म्हणतो राहू दे, पुढच्या वर्षी बघू. घर बांधताना आज फुटिंगची (खांबाखालच्या पायाची) सळई घ्यायची, मग प्लिंथ म्हणजे जोतं, मग कॉलम, मग स्लॅब, मग विटा नाहीतर ब्लॉक, मग प्लॅस्टर, वायरिंग, पाइप, टाइल, खिडक्या, रंग असं वर्ष-दीड वर्ष टप्प्याटप्प्याने घेत जायचं असतं, आणि एस्टिमेट मात्र पहिल्याच दिवशी केलेलं असतं. म्हणजे ज्या टाइल वर्षभराने घ्यायच्या त्यांचा भाव मी आज लिहून देतोय. मधे भाव हलला की मागे फिरायची सोय नाही, कारण तोवर पैसा जमिनीत गेलेला असतो, अगदी शब्दशः. अर्धं घर कुणी परत घेत नाही.

अंदाजासाठी आम्ही लोक धरतो की साध्या घराला चौरस फुटामागे साधारण चार किलो सळई आणि ०.४ गोणी सिमेंट लागतं, म्हणजे हजार फुटाला चार टन सळई आणि चारशे गोण्या. डिझाइन, जमीन, मजले यांप्रमाणे कमीजास्त होतं पण ढोबळ हिशोबाला बरं पडतं. ह्यातली जवळजवळ सगळी सळई आणि सिमेंटचा मोठा हिस्सा सांगाड्यात जातो आणि सांगाडा तर सगळ्यात आधी उभा करावा लागतो. आता ऐन सांगाड्यात सळई चढली की मालक काय करतो? तिथे तर काही कमी करता येत नाही (करू पण नये), मग ती वाढ तो पुढच्या कामातून वळती करतो. आणि पुढच्या कामातून म्हणजे टाइलमधून नाही बरं का, टाइल दिसते, पाहुणे बघतात. कमी होतं ते गच्चीचं वॉटरप्रूफिंग, भिंतीत गाडायचा पाइप, प्लॅस्टरमधलं सिमेंट, अर्थिंग. गीझर-एसीच्या लाइनला चार एमएमची वायर लिहिलेली असते तिथे अडीचची ओढली जाते आणि वरून प्लॅस्टर झालं की संपलं, कोण बघतंय. तांब्याचा भाव मे २०२१ मध्ये टनाला १०,००० डॉलरच्या वर गेला होता, तेव्हा आणि त्यानंतरही वायरच्या बाबतीत हा प्रकार मी फार बघितला. भाव जागतिक बाजारात वाढतो आणि त्याची किंमत कुणाच्यातरी भिंतीत तापत राहते.

पण महागाई एकवेळ परवडली म्हणायची, टंचाई त्याहून वाईट. महाग वस्तू निदान मिळते तरी. टंचाईत एक वस्तू अडली की बाकी सगळं अडतं आणि त्या बाकीच्याचं भाडं चालूच राहतं. स्लॅबचंच घ्या. सेंटरिंग (स्लॅब भरायचा तात्पुरता साचा) लागलंय, फिटरने सळई बांधलीये, रिंगा, कव्हर ब्लॉक, पाइपाची भोकं सगळं झालंय, खडी-वाळू येऊन पडलीये आणि सिमेंट आज नाही उद्या येतो असं चाललंय. स्लॅब हा एका दमात भरायचा असतो, अर्ध्यात थांबून दुसऱ्या दिवशी बाकीचा भरला तर जुना-नवा काँक्रीट जिथे भेटतात तो सांधा कच्चा राहतो आणि पाणी पहिलं तिथूनच झिरपतं. म्हणून सिमेंट पूर्ण आल्याशिवाय सुरू करता येत नाही. साच्याच्या प्लेटा आणि खालचे टेकू (प्रॉप) यांचं भाडं रोजचं, ती गँग चार दिवस वाट बघून दुसरीकडे जाते आणि एकदा गेलेली गँग परत कधी येईल ते ब्रह्मदेवाला पण माहीत नाही. मधे एक पाऊस आला की बांधलेल्या सळईवर तांबूस थर, खाली प्लायवर चिखल, परत सगळं धुवा. ह्यातली एकही गोष्ट "सिमेंट पाच टक्के महागलं" ह्या बातमीत येत नाही, पण मालकाचा खरा पैसा इथे जातो.

मग लोक म्हणतात आधीच भरून ठेवायचं ना. सळईचं ते चालतं, एकरकमी घ्या, जमिनीपासून वर लाकडी ओंडक्यांवर ठेवा, ताडपत्री टाका, पुष्कळ दिवस टिकते. सिमेंटचं मुळीच चालत नाही. गोणी कोरड्या जागी नीट ठेवली तरी तीन महिन्यांत साधारण पाचवा हिस्सा ताकद जाते आणि सहा महिन्यांत त्याहून जास्त. गोणीवर पॅकिंगचा आठवडा छापलेला असतो तो वाचायची सवय लावा, टंचाईच्या दिवसात गोडाऊनच्या मागच्या थप्पीतला माल पुढे येतो आणि मिळालं हेच नशीब म्हणून कुणी तारीख बघत नाही. हात घालून बघा, गोळे लागले की ते सिमेंट गेलं, मग ते कितीही नावाजलेल्या कंपनीचं असो.

आणि सगळेच भरून ठेवायला लागले की काय होतं ते अमेरिकेत लाकडाच्या बाबतीत झालंय. तिकडे घरं लाकडी. २०२० च्या सुरुवातीला करोना आला तेव्हा आता कोण घरं बांधतंय म्हणून सॉ मिलवाल्यांनी उत्पादन कमी केलं, आणि झालं उलटंच, घरात बसलेली माणसं घरं वाढवायला, दुरुस्त करायला लागली, व्याजदर पण खाली होते. मे २०२१ मध्ये हजार बोर्ड फूट (तिकडचं लाकडाचं माप) लाकडाचा वायदा १६०० डॉलरच्या वर गेला. ज्याने त्याने घाबरून आगाऊ ऑर्डरी दिल्या. आणि ऑगस्टपर्यंत तोच भाव ५०० च्या आसपास खाली. ज्याने मे महिन्यात उचललं त्याचं घर आणि ज्याने तीन महिने दम धरला त्याचं घर, दोन्हीत लाकूड तेच, नकाशा तोच. मी त्यात शहाणा-मूर्ख कुणाला म्हणत नाही कारण मे महिन्यात बसून ऑगस्टचं कुणालाच दिसत नव्हतं. पण रोजचा भाव तिकडे निदान उघड छापून येत होता, भाव चढतोय की उतरतोय हे घर बांधणाऱ्याला दिसत तरी होतं.

ही टंचाई येते कुठून तेही थोडं सांगतो कारण साइटवर प्रत्येक गोष्टीला एकच उत्तर असतं, "वरूनच माल नाही". वरून म्हणजे कुठून? २०२१ च्या फेब्रुवारीत टेक्ससमध्ये कधी नव्हे तेवढी थंडी पडली, वीज गेली, तिथले पेट्रोकेमिकलचे कारखाने बंद पडले आणि पीव्हीसीचा कच्चा माल जगभर तुटला. पाणी नेणारा पाइप, सांडपाण्याचा पाइप, वायरवरचं कव्हर, कितीतरी खिडक्यांच्या फ्रेमी सगळं पीव्हीसी. त्यावर्षीच मार्चमध्ये एव्हर गिव्हन नावाचं जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं, सहा दिवस कालवा बंद, आणि कंटेनरचं भाडं तर आधीच आभाळाला भिडलेलं. मग फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. हे दोघंही स्टील आणि पिग आयर्न (कच्चं लोखंड) बाहेर पाठवणारे देश, शिवाय कोळसा आणि गॅस भडकला. सिमेंटची भट्टी साडेचौदाशे डिग्रीला तापवावी लागते, काच आणि टाइलची भट्टी गॅसवर चालते, म्हणजे इंधन भडकलं की सिमेंट, काच, टाइल, वीट सगळ्यांना एकदम ताप चढतो. मार्च २०२२ च्या ८ तारखेला लंडनच्या मेटल एक्सचेंजवर निकेलचा भाव टनाला एक लाख डॉलरच्या पलीकडे गेला, शेवटी त्यांनी व्यवहारच थांबवले आणि त्या दिवशीचे सौदे रद्द केले. मोठ्यांचे सौदे रद्द होतात बघा. निकेल जातं स्टेनलेस स्टीलमध्ये, म्हणजे किचनच्या सिंकपासून जिन्याच्या रेलिंगपर्यंत, पण त्या आठवड्यात सिंक घेतलेल्या माणसाचा सौदा कुणी रद्द केला नाही.

वाळूची गोष्ट मात्र वेगळी आहे, ती युद्ध थांबलं म्हणून किंवा जहाज सुटलं म्हणून सुधारणारी नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२२ चा अहवाल सांगतो की जग वर्षाला ५० अब्ज टन वाळू-खडी वापरतं, पाण्याखालोखाल माणूस हीच गोष्ट सगळ्यात जास्त उपसतो. वाळवंटात एवढी वाळू पडलीये ती का नाही वापरत असं मला दर दुसरा मालक विचारतो. ती वाऱ्याने घासून घासून गोल आणि बारीक झालेली असते, काँक्रीटला एकमेकांत अडकणारे खडबडीत, लहान-मोठे असे मिश्र दाणे लागतात, ते नदीच्या वाळूत मिळतात, आणि नदी पाहिजे तेवढ्या वेगाने नवी वाळू आणून देत नाही. उपसा वाढला की काठ ढासळतात, विहिरींचं पाणी खाली जातं, पुलांचे पाये उघडे पडतात, मग बंदी येते, बंदी आली की वाळू रात्री येते आणि दुप्पट भावाने येते.

वाळू नसली की मग क्रश सँड. दगड फोडून केलेली, मी तिच्या विरोधात अजिबात नाही, नीट धुतलेली आणि चाळलेली असेल तर तिचा काँक्रीट चांगला होतो. पण टंचाईत येते ती नुसती क्रशरची भुकटी, वाळू म्हणून. तिच्यात धूळ जास्त, ती पाणी पिते, मिक्सरमधला माल घट्ट दिसतो, मग मिक्सरवाला पाइप धरून पाणी सोडतो. हा पाइप मी इतक्या वेळा बंद केलाय की आता गँगवाले मला लांबून बघूनच बंद करतात. पाणी जास्त झालं की माल छान सरकतो, पृष्ठभाग गुळगुळीत येतो, मालक खूश, आणि ताकद मात्र कमी झालेली असते, ते पाणी उडून गेलं की मागे बारीक पोकळ्या राहतात. त्यात वाळू मापाने घेतली तर आणखी एक गंमत, ओलसर वाळू फुगते, कोरडीपेक्षा २०-३० टक्के जास्त जागा अडवू शकते, म्हणजे तुम्ही ब्रासचे (शंभर घनफुटांचे) पैसे देता आणि त्यात हवा पण मोजली जाते. ट्रकवाल्याला सांगून काही होत नाही, तो म्हणतो घ्यायची तर घ्या, मागे चार जण उभे आहेत. टंचाईत गिऱ्हाईकाची जीभ अशी कापली जाते.

सळईत पण तेच. बारा एमएमची सळई मीटरला ०.८९ किलो भरली पाहिजे, सूत्र सोपं आहे, व्यासाचा वर्ग भागिले १६२. बारा मीटरचा एक बार म्हणजे साधारण १०.७ किलो. दहा एमएमचा बार ७.४ किलो. थोडा फरक नियमात बसतो, पण माल तुटीचा असला की हलक्या सळया बाजारात फिरायला लागतात, नगावर विकल्या जातात, आणि डिझाइन करणाऱ्याने जी सळई धरली होती ती कॉलममध्ये नसतेच. साधा काटा आणून चार बार मोजले तरी कळतं. कुणी मोजत नाही.

टंचाईत माणूस पर्याय शोधणारच, त्याला पर्याय नाही. पण तो पर्याय उघड आहे की गुपचूप ह्यावर सगळं ठरतं. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये विटा, लाकूड, गवंडी कशाचाच पत्ता नव्हता आणि लाखो लोक बेघर. त्यांनी १९४४ मध्ये कायदा करून कारखान्यात घरं बनवायला घेतली, पुढच्या चार-पाच वर्षांत सुमारे १,५६,००० घरं उभी केली. त्यातली काही तर विमानाच्या कारखान्यांत ॲल्युमिनियमची केलेली, चार तुकड्यांत लॉरीवरून यायची, आत किचन-बाथरूम सगळं बसवलेलं. सांगताना स्पष्ट सांगितलं होतं की ही दहा-पंधरा वर्षांसाठी आहेत, आणि कितीतरी घरं त्याच्या दुप्पट-तिप्पट काळ टिकली. हा उघड पर्याय, आधी डिझाइन, मग चाचणी, मग बांधकाम. आता दुसरं टोक बघा. चीनमध्ये शेन्झेनला २०१३ मध्ये तपासणीत निघालं की काँक्रीटमध्ये न धुतलेली समुद्राची वाळू घातलीये. समुद्राच्या वाळूतलं मीठ आतली सळई गंजवतं, गंज फुगतो आणि काँक्रीट आतून फोडतो, हे दहा-पंधरा वर्षांनी दिसतं, तोपर्यंत बिल बनवणारा कुठे आणि घरात राहणारा कुठे. तिथे बऱ्याच इमारतींची कामं थांबवली गेली, त्यात एक गगनचुंबी टॉवर पण होता. म्हणजे एवढ्या मोठ्या कामात, एवढे इंजिनिअर असताना हे शिरतं, तर आपल्या सातशे फुटाच्या घरात काय शिरत असेल ते विचार करा.

ठेकेदाराला शिव्या घालून मोकळं व्हायची मला तरी इच्छा नाही. बहुतेक घरांचा व्यवहार चौरस फुटाच्या एका आकड्यावर होतो, "मटेरियलसकट इतका रेट", एका कागदावर, कधी कधी तेवढा पण कागद नसतो. त्या आकड्यात कुठली सळई, कुठलं सिमेंट, कुठली वायर काहीच लिहिलेलं नसतं आणि भाव वाढला तर काय ह्याबद्दल तर एक अक्षर नसतं. मग भाव वाढला की ठेकेदारासमोर तीनच वाटा उरतात, मालकाकडे वाढवून मागायचे (भांडण), काम टाकून जायचं (पुन्हा भांडण), नाहीतर गुपचूप माल हलका करायचा. तिसऱ्यात भांडण नाही. म्हणून तिसरी वाट जास्त चालते. मालक पण खूश असतो की बघा माझा ठेकेदार किती शब्दाचा पक्का, एक पैसा वाढवून मागितला नाही.

फिक्स रेट म्हणजे आपण सुरक्षित हा फार मोठा गैरसमज आहे. ऑस्ट्रेलियात पोर्टर डेव्हिस नावाची घरं बांधणारी मोठी कंपनी मार्च २०२३ च्या शेवटी बुडाली आणि सुमारे १७०० घरं अर्धवट राहिली. लोकांकडे फिक्स किमतीचे करार होते, सही-शिक्क्याचे. माल आणि मजुरी वाढत गेली, किंमत वाढवता येईना, कंपनी आतून पोखरत गेली आणि एक दिवस शटर खाली. कराराचा कागद हातात आणि छप्पर नसलेलं घर समोर, वरून बँकेचा हप्ता.

बँकेचं पण असंच आहे, कर्ज मंजूर होतं पहिल्या दिवशीच्या एस्टिमेटवर आणि मिळतं टप्प्याटप्प्याने, काम जेवढं उठलं तेवढे पैसे. खर्च वाढला तरी मंजूर आकडा तोच. म्हणजे खड्डा नेमका शेवटी पडतो, जेव्हा राहतं घर भाड्याचं असतं, कर्जाचं व्याज चालू झालेलं असतं आणि दागिने-बिगिने आधीच मोडून झालेले असतात. वाढीव कर्ज मागायला गेलं की परत कागद, परत व्हॅल्युएशन, तोपर्यंत गँग गेलेली.

मोठ्या सरकारी-खासगी कामांत असं वाऱ्यावर सोडत नाहीत. सल्लागार अभियंत्यांची फिडिक म्हणून आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिच्या करारनाम्यात भावबदलाचं सूत्रच दिलेलं आहे. निविदेच्या वेळचा भावांचा निर्देशांक आणि आत्ताचा निर्देशांक, मजुरीचा वाटा किती, मालाचा किती, यंत्रसामग्रीचा किती, त्या प्रमाणात बिल वर-खाली. वर आणि खाली, दोन्ही, हे महत्त्वाचं. धरण बांधणाऱ्या कंपनीला हे संरक्षण आहे आणि आयुष्यात एकदाच घर बांधणाऱ्या माणसाला नाही, हे उलटं नाही का?

मी आता माझ्या एस्टिमेटसोबत एक साधं पान जोडतो. त्यात सळई, सिमेंट, वाळू, खडी, वीट किंवा ब्लॉक आणि वायर एवढ्याचे करार केल्या दिवशीचे भाव लिहितो आणि घराला त्यातलं काय किती लागणार तो आकडा. भाव पाच टक्क्यांपर्यंत हलला तर ठेकेदाराने सोसायचा, त्यापुढचा फरक मालकाने पावती बघून द्यायचा, आणि भाव पाच टक्क्यांहून खाली आला तर तेवढं बिलातून कमी करायचं. माल बदलायचा असेल तर आधी लिहून, मालकाची सही घेऊन. बस एवढंच. सुरुवातीला ठेकेदार तोंड वाकडं करतात, पण ज्यांनी एकदा मार खाल्लाय ते स्वतःहून मागतात. अडचण एकच येते आणि तिच्यासाठीच हे पत्र लिहितोय. "आजचा भाव" म्हणजे कुणाचा? ठेकेदार म्हणतो माझ्या दुकानदाराचा, मालक म्हणतो माझ्या मेहुण्याने फोनवर विचारला तो, आणि ही तर रोजची मारामारी आहे. दोघांनीही मानावा असा छापील भाव साध्या माणसाच्या हाताला लागत नाही. मोठ्या कंपन्यांकडे निर्देशांक असतात, पैसे भरून घ्यायच्या बाजारपत्रिका असतात, सातशे फुटाचं घर बांधणारा त्या कुठून आणणार आणि आणल्या तरी वाचणार कोण.

ज्यांचं काम आत्ता चालू आहे त्यांच्यासाठी जाता जाता दोन शब्द. पैसे कमी पडणार असं दिसलं तर घर लहान करा, स्लॅब पातळ करू नका. एक खोली नंतर वाढवता येते, कमी सळईचा कॉलम नंतर जाड करणं म्हणजे नवीन घराइतकी कटकट. थांबायचंच असेल तर थांबायच्या जागी थांबा, प्लिंथ पूर्ण करून किंवा स्लॅब टाकून, पण कॉलम अर्ध्यात सोडून नाही. पुढच्या मजल्यासाठी सळई वर सोडली असेल तर तिला सिमेंटचा दाट घोळ लावून प्लास्टिक गुंडाळा, आणि पुन्हा काम सुरू करताना तारेच्या ब्रशने घासल्याशिवाय जोड देऊ नका. टाइल घेताना सगळी एकाच बॅचची घ्या आणि थोडी जास्तच घ्या, नंतर तोच नंबर मिळाला तरी तीच छटा मिळत नाही. आणि काम सुरू झाल्यावर नकाशा बदलू नका हो, टंचाईच्या दिवसात "इथली खिडकी जरा मोठी करू" ह्या वाक्याइतकं महाग वाक्य दुसरं नाही.

तर मागणी अशी. तुम्ही सोन्या-चांदीचा भाव रोज देता, शेअर बाजाराचं अख्खं पान देता. सोनं माणूस कधीतरी घेतो आणि न घेता पण राहू शकतो. मग आठवड्यातून एकदा, एका ठरलेल्या वारी, बांधकामाच्या मालाची एक छोटी चौकट द्यायला काय हरकत आहे? मला ठाऊक आहे लगेच कोण म्हणणार, भाव छापले की सगळे दुकानदार तोच भाव लावतील, जो कमीत देत होता तो पण वाढवेल. थोडं होईल तसं. पण आज भाव न छापता काय होतंय, ज्याला माहिती आहे तो कमीत घेतो आणि ज्याला नाही तो दोघांचे मिळून भरतो. दुसरी शंका अशी येईल की वाळू-खडीचा भाव दर वीस-पंचवीस किलोमीटरला बदलतो, खरंय, त्यात अर्धी तर वाहतूकच असते, म्हणून एक आकडा न देता कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन द्या, आणि गेल्या आठवड्याचे, मागच्या वर्षी याच वेळचे शेजारी छापा, म्हणजे चढतोय की उतरतोय ते दिसेल. भाव एकाच दुकानाचा घेऊ नका, चार-पाच ठिकाणचा घ्या, आणि जाहिरात देणाऱ्याचा तर एकट्याचा नकोच.

फार वस्तू नकोत. सळई आठ, दहा, बारा आणि सोळा एमएम, किलोवर. सिमेंट पन्नास किलोची गोणी, प्रकार लिहून. नदीची वाळू आणि क्रश सँड वेगवेगळी. वीस एमएम खडी. वीट हजाराच्या हिशोबाने आणि ब्लॉक नगावर. अडीच एमएम तांब्याची वायर नव्वद मीटरच्या गुंडाळीला. एक इंची आणि चार इंची पाइप. जमलं तर गवंडी, बिगारी आणि फिटरची दिवसाची मजुरी. आणि प्रत्येक भावापुढे कर धरून की कर सोडून, साइटवर पोच की दुकानातून, रोखीचा की उधारीचा हे लिहा, कारण नेमकी इथेच गोम असते आणि त्याशिवाय दोन भावांची तुलना होतच नाही. तुमच्या बातमीदारांना सुरुवातीला यादी लावायला, कुठल्या वस्तूला काय विचारायचं ते सांगायला माणूस लागला तर मी बसेन, मोबदला नको.

आपला,
एस्टिमेटं करणारा एक जुना वाचक